मुलांना वेबपेज हाताने लिहायला शिकवूया : बारा टॅग पुरेसे आहेत



'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, त्या सुमारास गावोगावी लोकवर्गणी झाली. कुणी सोयाबीनच्या पैशातून दिले, कुणी यात्रेच्या शिल्लक रकमेतून दिले, आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रोजेक्टर, एलईडी टीव्ही, टॅबलेट आले. हे काम लहान नव्हतं. ज्या गावांनी हे केलं त्यांना मनापासून दाद दिली पाहिजे.

पण आज थोडं थांबून स्वतःला एक प्रश्न विचारूया. या सगळ्या साधनांवर आपली मुलं नेमकं काय करतात? कविता ऐकतात, व्हिडिओ पाहतात, चाचणी सोडवतात. म्हणजे दुसऱ्याने तयार केलेलं पाहतात आणि बटण दाबतात. आपणही फार वेगळं करत नाही. लिंक पुढे पाठवतो, ऑनलाइन माहिती भरतो, तयार पीपीटीत शाळेचं नाव बदलतो.

आता असा विचार करा. एखादी शाळा मुलांना फक्त वाचायला शिकवते, लिहायला अजिबात शिकवत नाही. मुलं फाडफाड वाचतात, पण हातात पेन्सिल कधीच नाही. अशा शाळेला आपण काय म्हणू? संगणकाच्या बाबतीत आपण नेमकं तेच करत आहोत. मुलांना पडद्यावरचं वाचायला शिकवलं, पडद्यावर लिहायला शिकवलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पाचवीपासून पुढच्या प्रत्येक मुलाने निदान एक वेबपेज स्वतःच्या हाताने, साध्या नोटपॅडमध्ये, एकेक अक्षर टाइप करून तयार केलेलं असावं. आणि त्याआधी ते आपण शिक्षकांनी करावं. यासाठी पदवी लागत नाही, महागडा क्लास लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. मी डीएड झालेला साधा प्राथमिक शिक्षक आहे. मला जमलं, तर तुम्हालाही जमेल.

वेबपेज म्हणजे नेमकं काय?

बऱ्याच जणांना वाटतं की वेबपेज म्हणजे काहीतरी मोठी अवघड गोष्ट. तसं नाही. वेबपेज म्हणजे साधी लिखित मजकुराची फाइल. त्या मजकुरावर काही खुणा केलेल्या असतात, एवढंच. 'हा मथळा आहे', 'हा परिच्छेद आहे', 'ही यादी आहे', 'इथे चित्र आहे' असं त्या खुणा ब्राउझरला सांगतात. या खुणांना टॅग म्हणतात आणि खुणा करण्याच्या या पद्धतीला एचटीएमएल.

संगणकावर कोणतंही वेबपेज उघडा आणि कंट्रोलचं बटण दाबून यू दाबा. पानामागचा मजकूर समोर येईल. मोठ्या कंपन्यांची पानं असतील तर ते गुंतागुंतीचं जंगल दिसेल, घाबरू नका. त्यातही परिच्छेदाची खूण सापडेल, चित्राची सापडेल. घड्याळाचं झाकण उघडून आतली चाकं पाहिल्यासारखं ते आहे. मुलांना तर हे फार आवडतं. 'सर, एवढंच असतं होय आत!' ही मुलांची पहिली प्रतिक्रिया असते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एचटीएमएल लिहिणं म्हणजे काटेकोर अर्थाने प्रोग्रॅमिंग नव्हे. त्यात 'असं झालं तर तसं कर' अशा सूचना नसतात. त्यामुळे कुणी 'पाचवीतला मुलगा सॉफ्टवेअर इंजिनिअर झाला' अशी बातमी करू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंगचा उल्लेख सहावीपासूनच्या टप्प्यासाठी आला, आणि त्यानंतर 'लहानपणीच कोडिंग शिकवा' अशा जाहिरातींचा पाऊस पडला. पालक घाबरले. आपल्याला त्या शर्यतीत उतरायचं नाही. आपल्याला मुलांना लिहितं करायचं आहे, पानही त्यांनी स्वतः मांडावं असं वाटतं, इतकंच.

ही पद्धत आली कुठून?

मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, कारण ती गोष्टीसारखीच आहे. युरोपात जिनिव्हा शहराजवळ सर्न नावाची मोठी संशोधन संस्था आहे. तिथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ काम करायचे. प्रत्येकाचा संगणक वेगळा, माहिती ठेवायची रीत वेगळी. एकाची माहिती दुसऱ्याला सापडायची नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये यावर एक योजना मांडली आणि त्यातून वेब जन्माला आलं. १९९१ मध्ये ते सर्नबाहेरच्या लोकांसाठी खुलं झालं. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केलं की हे तंत्र कुणीही, कोणतेही पैसे न देता वापरू शकेल. म्हणून आज मी किंवा तुम्ही वेबपेज लिहिताना कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही, कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

आणखी एक योगायोग पाहा. त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यात देवनागरी लिपी होती. म्हणजे वेब आणि संगणकावरची आपली युनिकोड देवनागरी जवळजवळ एका वयाच्या आहेत. तरीही वेबवर मराठीत पानं लिहिणारे कमी का? कारण आपण वाचक झालो, लेखक झालो नाही.

बारा टॅग आणि एक ओळ

मुलांसाठी सुरुवातीला बारा टॅग पुरतात. नावं इंग्रजी असली तरी छोटी आहेत.

१) एचटीएमएल – संपूर्ण पानाचा बाहेरचा डबा.
२) हेड – पानाविषयीची माहिती. ही पानावर दिसत नाही.
३) टायटल – पानाचं नाव. हे वर, ब्राउझरच्या पट्टीत दिसतं.
४) बॉडी – जे पानावर दिसायला हवं ते सगळं यात.
५) एच वन – मुख्य मथळा.
६) एच टू – उपमथळा.
७) पी – परिच्छेद.
८) यूएल – क्रम नसलेली यादी.
९) ओएल – क्रमांकांची यादी.
१०) एलआय – यादीतला एकेक मुद्दा.
११) आयएमजी – चित्र.
१२) ए – दुसऱ्या पानाकडे नेणारी लिंक. हे 'अँकर'चं, म्हणजे नांगराचं पहिलं अक्षर.

टॅग लिहायचा कसा? गणितातली 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' ही चिन्हं मुलांना आधीपासून माहीत असतात. त्या दोन चिन्हांच्या मध्ये टॅगचं नाव लिहायचं, की टॅग उघडला. मजकूर संपला की पुन्हा तेच, पण नावाआधी एक तिरकी रेघ द्यायची, की टॅग बंद झाला. अवतरणचिन्ह सुरू केलं की संपवावं लागतं, कंस उघडला की बंद करावा लागतो, तसंच. फक्त चित्राचा टॅग एकटा असतो. त्याला बंद करणारा जोडीदार नसतो, कारण त्याच्या पोटात मजकूर नसतो.

आणि ती एक ओळ? हेडच्या आत मेटा नावाचा टॅग टाकून त्यात 'कॅरसेट' म्हणजे अक्षरसंच 'यूटीएफ-८' आहे असं लिहायचं. मराठी पानासाठी ही ओळ मिठासारखी आहे. ती नसेल तर ब्राउझर अक्षरांचा अंदाज लावतो, आणि अंदाज चुकला की पानभर विचित्र चिन्हं दिसतात. वेळ असेल तर एचटीएमएलच्या टॅगमध्ये भाषा 'एमआर' आहे असंही नोंदवावं. मग पान मराठीत आहे हे ब्राउझरला आणि पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळतं.

पहिला तास : संगणकाशिवाय

तुमच्या शाळेत संगणक नसेल किंवा एकच असेल तरी पहिला तास घेता येतो. मी तर म्हणेन, संगणक असला तरी पहिला तास त्याच्याशिवायच घ्या.

जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर टॅग लिहा. प्रत्येक टॅगचे दोन पुठ्ठे, एक उघडणारा आणि एक बंद करणारा. पाच-सहा मुलांच्या हातात वाक्यांच्या पट्ट्या द्या. आता मुलांनी ओळीत असं उभं राहायचं की त्यातून पान तयार होईल. मथळ्याच्या पट्टीच्या अलीकडे-पलीकडे एच वनची जोडी, परिच्छेदाभोवती पीची जोडी, आणि सगळ्यांच्या बाहेर बॉडीची जोडी.

इथे मुलांना एक महत्त्वाचा नियम आपोआप सापडतो. जो टॅग आत उघडला, तो आतच बंद व्हायला हवा. डब्यात डबी ठेवली तर आधी डबीचं झाकण लावावं लागतं, मग डब्याचं. यादीतला मुद्दा बंद न करता यादी बंद केली, तर मुलं स्वतःच ओरडतात, 'डबी उघडी राहिली!' हा नियम फळ्यावर लिहून पाठ करून घेतला असता तर आठवड्यात विसरले असते.

दुसरा तास : नोटपॅड

संगणक जुना असला तरी चालेल. विंडोजमध्ये नोटपॅड असतंच. मुलांकडून वहीत लिहून घेतलेलं पान आता टाइप करायचं. काही गोष्टींची काळजी आधीच घ्या, म्हणजे तास वाया जाणार नाही.

• फाइलचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्या आणि शेवटी डॉट एचटीएमएल लिहा.

• सेव्ह करताना फाइलचा प्रकार 'ऑल फाइल्स' निवडा. नाहीतर नोटपॅड नावाला शेवटी डॉट टीएक्सटी जोडतं आणि पान ब्राउझरमध्ये उघडतच नाही. विंडोज ही शेपटी अनेकदा लपवून ठेवतं, त्यामुळे चूक कुठे आहे ते दिसत नाही.

• त्याच खिडकीत 'एन्कोडिंग' असतं, तिथे 'यूटीएफ-८' निवडा. शाळांमध्ये अजून जुनी विंडोज आहे. तिथे नोटपॅड आपणहून 'एएनएसआय' निवडतं आणि मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

• हा फरक लक्षात ठेवा. विचित्र चिन्हं दिसली तर मेटाची ओळ राहिली आहे, मजकूर सुरक्षित आहे. प्रश्नचिन्हं दिसली तर सेव्ह करताना गडबड झाली आहे आणि ती अक्षरं पुन्हा टाइप करावी लागतील.

• मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेलं दिसायला मराठी असतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात. आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर का उघडत नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे.

• चित्र पानाच्याच फोल्डरमध्ये ठेवा. चित्राच्या नावात एका अक्षराची चूक झाली तरी ते दिसत नाही.

फाइल सेव्ह केली, तिच्यावर दोनदा क्लिक केलं, पान उघडलं. मजकूर बदलला, सेव्ह केलं, ब्राउझरमध्ये एफ फाइव्ह दाबलं, नवं पान समोर. इंटरनेट नाही, लॉगिन नाही, पासवर्ड नाही. रेंज नसलेल्या वाडीवरच्या शाळेतही हे होतं. आणि फाइल किती मोठी? युनिकोडच्या या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. दोन हजार चिन्हांचा मजकूर म्हणजे साधारण सहा केबी. मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या शेकडो पट जागा खातो.

रंग आणि सजावट पहिल्या दिवशी नको. त्यासाठी सीएसएस नावाची वेगळी पद्धत आहे, ती नंतर सावकाश शिकवता येते. आधी मजकूर, मग रंगरंगोटी. हस्तलिखित काढताना आपण मुलांना हेच सांगतो ना?

हा तास भाषेचा आहे

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा इथे आहे. वेबपेज लिहिण्याचा तास संगणकाच्या वेळापत्रकात टाकू नका. तो मराठीच्या तासाला घ्या.

का? टॅग लावायचा म्हणजे मुलाला निर्णय घ्यावा लागतो. या मजकुराचा मुख्य मथळा कोणता? परिच्छेद कुठे संपतो? हे वाक्य यादीत जाईल की परिच्छेदात? हे सगळे लेखनाचे प्रश्न आहेत. निबंधात मुलं परिच्छेद पाडत नाहीत ही आपली कायमची तक्रार. लाल पेनाने कितीही लिहिलं तरी फरक पडत नाही. पण पीचा टॅग उघडल्यावर तो बंद कुठे करायचा हे ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तिथे मूल विचार करतं.

आमच्याकडच्या मुलांपैकी काहींचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर काही मुलंही सोबत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशाच पाचवीतल्या एका मुलीने 'आमची कोपी' या विषयावर पान लिहायला घेतलं. कोपीत काय काय असतं, याची तिने यादी केली. ताडपत्री, तीन दगडांची चूल, घागर, बॅटरी. मग आई-बाबा काय काय काम करतात त्याची यादी. ऊस तोडणे, वाढे छाटणे, मोळी बांधणे, मोळी डोक्यावरून गाडीपर्यंत नेणे. ती विचारायला आली, 'सर, सामानाला आकडे नको ना? ते कसंबी ठेवलं तरी चालतं. पण कामाला आकडे पायजेत. आधी मोळी बांधून मग तोडता येत नाही.'

यूएल आणि ओएल यांतला फरक मी इतका नेमका सांगू शकलो नसतो. तिला तो तिच्या घरच्या कामातून समजला. वर्षातले चार-पाच महिने ही मुलगी आपल्या हजेरीपटावर नुसती खाडे म्हणून दिसते. त्या महिन्यांत तिने काय पाहिलं, ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. ते तिच्या पानावर आहे, तिच्या शब्दांत आहे.

आता तुमच्या गावाचं नाव इंटरनेटवर शोधून पाहा. बहुतेक वेळा काय सापडतं? पिन कोड, लोकसंख्या, अक्षांश-रेखांश, जवळचं रेल्वे स्टेशन. सगळ्या गावांना एकच साचा, फक्त नाव बदललेलं. गावातली बारव, दर वर्षीचा पाण्याचा प्रश्न, म्हातारीच्या तोंडच्या म्हणी, रानभाज्या, जत्रेतला मान कुणाचा, यातलं काही नाही. गावाबद्दल लिहायचं तर गावातल्या माणसानेच लिहिलं पाहिजे. आणि गावात शाळेइतकी लिहिणारी माणसं दुसरीकडे कुठे आहेत?

चित्राच्या टॅगबद्दलही एक सांगतो. त्यात 'अल्ट' म्हणून एक जागा असते. चित्र दिसलं नाही तर त्याऐवजी वाचायचा मजकूर तिथे लिहायचा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना सॉफ्टवेअर तोच मजकूर वाचून दाखवतं. मुलांना सांगा, 'डोळे मिटलेल्या मित्राला हे चित्र एका वाक्यात सांग.' वर्णनलेखनाचा असा स्वाध्याय मला तरी दुसरा माहीत नाही. समावेशक शिक्षणाचा पाठही त्यातच होतो.

नेहमीचे आक्षेप

'वेळ कुठे आहे?' हा आक्षेप खरा आहे. माहिती भरणं, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, त्यातून शिकवायला उरतं किती, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच मी म्हणतो, हा नवा विषय म्हणून घेऊ नका. महिन्यातून दोन भाषेचे तास, एवढंच. जो निबंध वहीत लिहून घेणार होतात, तोच पानावर लिहून घ्या.

'सगळं इंग्रजीत आहे, आपल्या मुलांना कसं जमेल?' आपल्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आणि इथे शब्द किती, तर बारा, त्यातले बरेच एक-दोन अक्षरांचे. मजकूर तर मराठीतच लिहायचा आहे. उलट इंग्रजीचा कीबोर्ड, लहान-मोठी अक्षरं, स्पेलिंगची काळजी ही सवय कारणासकट लागते. चूक केली तर कुणी रागावत नाही, फक्त पान नीट दिसत नाही.

'तयार साधनं असताना हाताने कशाला?' ब्लॉग काढायला, पान सजवायला आज तयार साचे मिळतात, हे खरं. शिक्षकांनी ते वापरावेत, मीही वापरतो. पण साच्यात काही बिघडलं की काय होतं? मथळा पानाबाहेर जातो, दोन ओळींमध्ये हातभर अंतर पडतं, आणि आपण ओळखीच्या मुलाला फोन लावतो. पानामागे टॅग असतात हे ज्याला माहीत आहे तो एचटीएमएलचं दृश्य उघडतो, जादा टॅग शोधतो, काढून टाकतो. तयार पीठ आणावं, हरकत नाही. पण भाकरी थापता आली पाहिजे.

'आता एआय एका मिनिटात पान लिहून देतं.' देतं, आणि चांगलं देतं. पण कॅल्क्युलेटर आला म्हणून आपण हातच्याची बेरीज शिकवणं थांबवलं नाही. समोर आलेलं उत्तर बरोबर की चूक, हे कळायला आधी थोडं स्वतः केलेलं असावं लागतं. शिवाय, त्या मुलीच्या कोपीत बॅटरी कुठे टांगतात, हे एआयला कोण सांगणार? ते तिलाच लिहावं लागेल. आणि लिहिणं हेच तर शिकायचं आहे.

'याचा नोकरीला उपयोग काय?' थेट उपयोग फार नाही, हे मी मान्य करतो. बारा टॅगवर कुणी नोकरी देणार नाही. पण रांगोळी, कार्यानुभव, हस्तलिखित यांचा हिशोब आपण नोकरीत करतो का? स्वतः काहीतरी घडवता येतं, बिघडलं तर शोधता येतं, हा विश्वास पाचवी-सहावीत मिळाला तर तो पुढे कुठेही उपयोगी पडतो. एच वन बंद करायचा राहिला की खालचे परिच्छेदही मथळ्यासारखे जाड आणि मोठे दिसायला लागतात. मूल पान पाहतं, फाइल पाहतं, पुन्हा पान पाहतं आणि राहिलेली तिरकी रेघ शोधून काढतं. त्या क्षणी त्याचा चेहरा बघा. गुणपत्रकात त्याला रकाना नाही.

टिकतं काय?

आता थोडं कटू बोलतो. लोकवर्गणीतून आपण जी ई-लर्निंगची सॉफ्टवेअरं घेतली, त्यांतली बरीच फ्लॅश नावाच्या तंत्रावर चालायची. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार अधिकृतपणे बंद झाला आणि जानेवारी २०२१ पासून ब्राउझरमध्ये ते चालेनासं झालं. ज्या शाळांचा पुरवठादार गायब झाला होता, त्यांच्याकडे पैसे देऊन घेतलेले धडे असूनही उघडत नव्हते. पडद्यावर करडा चौकोन दिसायचा, बस. त्या चौकोनात गावाच्या घामाचे पैसे होते. आत काय बिघडलं हे समजणारं शाळेत कुणी नव्हतं, कारण आत पाहायची सोयच नव्हती.

दुसरीकडे, सर्नमधली सुरुवातीची वेबपेजं आजच्या मोबाइलवरही उघडतात. तीस वर्षांहून जास्त काळ झाला. ती साध्या टॅगनी लिहिली होती, म्हणून टिकली. उद्या एखादा ब्राउझर नाहीच उरला, तरी नोटपॅडमध्ये फाइल उघडून मजकूर वाचता येईल. आपल्या मुलांचं लेखन अशा टिकाऊ जागी ठेवायचं, की कंपनीने कुलूप लावलं की संपणाऱ्या जागी, हा निर्णय आपण शिक्षकांनी डोळे उघडे ठेवून घ्यायला हवा. मी असं म्हणत नाही की अ‍ॅप वापरू नका. 'दीक्षा'वर चांगलं साहित्य आहे, ते जरूर वापरा. पण सगळंच भाड्याच्या घरात ठेवू नका. थोडं स्वतःच्या ओसरीवरही असू द्या.

थोडी काळजी

मुलांची पानं इंटरनेटवर टाकलीच पाहिजेत असं नाही. शाळेच्या संगणकावर एक फोल्डर असलं तरी पुरे. एक मुखपृष्ठाचं पान करा, त्यावर प्रत्येक मुलाच्या पानाची लिंक द्या, झाली वर्गाची वेबसाइट. पालकसभेला तीच टीव्हीवर दाखवा. वर्ष संपताना ज्याला हवं त्याला पेनड्राइव्हवर किंवा पालकांच्या मोबाइलवर त्याचं पान द्या. शाळा बदलून जाणाऱ्या मुलाबरोबर दाखल्यासोबत त्याचं पानही जाऊ द्या.

इंटरनेटवर टाकायचंच ठरलं तर मुलांची पूर्ण नावं, पत्ते, फोन नंबर, चेहऱ्यांचे फोटो टाकू नका. पालकांची लेखी संमती घ्या. दुसऱ्याचं चित्र उचलून लावण्यापेक्षा मुलाने वहीत काढलेलं चित्र मोबाइलवर फोटो काढून लावा. कॉपी-पेस्टची सवय आपल्याला पुष्कळ आहे, ती मुलांना तरी लागू नये.

शेवटी सुरुवात तुमच्यापासून

केंद्राच्या शिक्षण परिषदेत आपण अनेक विषय घेतो. पुढच्या परिषदेत एक तास यासाठी मागा. पंधरा-वीस शिक्षक, दोन लॅपटॉप, पुठ्ठ्याचे टॅग. प्रत्येकाने आपल्या शाळेचं एक पान लिहायचं. एक मथळा, दोन परिच्छेद, एक यादी, एक चित्र. तासाभरात होतं.

तोवर वाट पाहण्याचीही गरज नाही. आज घरी गेल्यावर नोटपॅड उघडा. तुमच्या गावाचं नाव एच वनमध्ये लिहा. खाली पी उघडून गावाबद्दल असं एक वाक्य लिहा, जे इंटरनेटवर कुठेही सापडत नाही. पी बंद करा, फाइल सेव्ह करा आणि उघडून पाहा. उद्या तेच पान वर्गात दाखवा आणि मुलांना सांगा की हे मी लिहिलं. पुढचं वाक्य कोण लिहिणार, हे मग तुम्हाला विचारावं लागणार नाही.